पेलेटची शेगडी पेटत का नाही?

गेल्या बकरी ईदला मृगाचा पाऊस दोन दिवस आधीच येऊन बसला होता. नमाज झाली, कुर्बानी झाली, वाटे घरोघर पोहोचवून झाले आणि दुपारी आम्ही आपाच्या घरी गेलो, तर ओसरीत डोळे चुरचुरावेत असा धूर. आमची आपा इथेच चुडाव्यात राहते. दुल्हेभाई गेल्यापासून सहा वर्षे ती कबाब-पराठे करून आणि लग्नकार्यात बिर्याणीच्या ऑर्डरी घेऊन घर चालवते. ईदच्या दिवशी मोहल्ल्यातली घरे मसाला लावलेली बोटी नाहीतर खिमा तिच्याकडे पाठवतात आणि ती सीखा भाजून देते. त्या दुपारी अकरा घरांची भांडी ओट्यावर रांगेने ठेवलेली होती आणि शेगडी काही केल्या पेटत नव्हती.

ही शेगडी म्हणजे आपली कोळशाची लोखंडी शेगडी नव्हे. नांदेडची एक मेस बंद पडली तेव्हा आपाने ती जुनी विकत घेतली. पेलेटवर चालते. पेलेट म्हणजे पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा असले काहीबाही दळून यंत्रात दाबून केलेल्या बोटाएवढ्या जाडीच्या कांड्या. लोखंडी डब्यात त्या भरायच्या, वरून पेटवायच्या, खालचा छोटा पंखा लावायचा. नीट पेटली तर गॅससारखी निळसर-पिवळी ज्योत लागते आणि धूर जवळजवळ नसतो. नीट पेटली तर.

आम्ही पोहोचलो तेव्हा आपा फुंकणीने फुंकून दमली होती. "त्या मशीनला नजर लागली," एवढेच ती म्हणाली. (घरात आम्ही दखनी बोलतो, लिहिताना त्याची मराठी होते, एवढे वाचकांनी समजून घ्यावे.) आम्ही काही बोलणार एवढ्यात तिचा दहावीतला मुलगा मोटारसायकलमधून काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत घेऊन आला. शेगडी विझलेली दिसत होती. ज्योत नव्हती, नुसता धूर होता. त्याने वरून बाटली कलती केली आणि भक्कन छातीएवढा जाळ उठला.

अल्लाहची मेहरबानी की बाटली हातातून सुटून अंगणात पडली. पोराच्या भुवया गेल्या, उजव्या हाताच्या पाठीवर फोड आले. शेजारची एक बाई टूथपेस्ट घेऊन धावत आली होती, तिला थांबवले आणि हात वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून ठेवला. मग दवाखाना. अकरा घरांचा खिमा आमच्या घरी आणि आणखी दोन घरी गॅसवर, तव्यावर भाजून दिला. कोणी तक्रार केली नाही, पण आपाने त्या दिवसाचे पैसे कोणाकडूनच घेतले नाहीत, आणि आपासाठी ती रक्कम लहान नाही.

रात्री पोराला विचारले, "पेट्रोल कशाला आणलेस रे?" तो म्हणाला, "मामू, विझली होती ना." इथेच सगळी गफलत आहे. पेलेटची शेगडी धुमसत असते तेव्हा ती विझलेली नसते. आत गोळ्या तापलेल्या असतात आणि त्यांतून जळाऊ वायू निघत असतो. तो पांढरा दाट धूर म्हणजे न जळलेले इंधनच. पेट्रोल तर बाजूलाच राहो, नुसती काडी लावली तरी कधी कधी तो वायू एकदम पेट घेतो.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. विजेशी आमचा संबंध बिल भरण्यापुरता. पण त्या रात्री ठरवले की ही शेगडी का पेटत नाही ते शोधल्याशिवाय तिला पुन्हा हात लावायचा नाही. मदतीला दोघे घेतले: एक शाळेतले विज्ञानाचे सर आणि दुसरा गल्लीतला आयटीआय झालेला वायरमन, जो आमचाच जुना विद्यार्थी.

सरांनी आधी शेगडी कशी जळते ते सांगितले, आणि खरे सांगायचे तर अर्धी दुरुस्ती तिथेच झाली. लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण जळतो तो लाकडातून निघणारा वायू. गोळी साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापली की तिच्यातून वायू सुटू लागतो. आपल्या शेगडीच्या डब्याला दोन ठिकाणी भोके असतात. तळाजवळ बारीक भोके, त्यांतून थोडी हवा गोळ्यांमध्ये जाते आणि वायू तयार होतो. काठाच्या थोडे खाली मोठ्या भोकांची रांग, त्यातून येणारी हवा वर आलेल्या वायूला जाळते. म्हणून ही शेगडी वरून पेटवायची. चुलीच्या सवयीने आपण खालून विस्तव सारायला जातो, तसे केले की वरच्या थंड गोळ्यांतून नुसता धूर निघतो.

आणि आपा डबा काठोकाठ भरत होती! "जास्त भरली की जास्त वेळ चालेल" हा तिचा हिशेब. त्यात वरची भोके गोळ्यांखाली बुजत होती. वायू वर यायचा, पण त्याला जाळायला हवाच नव्हती. भोकांच्या रांगेच्या दोन बोटे खालीच थांबायचे, ही पहिली दुरुस्ती, बिनपैशाची.

पण तेवढ्याने भागले नाही. दुसऱ्या दिवशी कमी भरून पाहिले तरी ज्योत दोन मिनिटे नाचून बसली. मग वायरमनने पंखा लावून वर्तमानपत्राची पट्टी भोकांसमोर धरली. वरच्या भोकांसमोर पट्टी फडफडत होती; खालच्या भोकांसमोर जागची हलेना. डबा रिकामा करून उलटा धरला तर तळाला काचेसारखा काळा खडबडीत थर. खंगर! भट्टीतल्या विटा जास्त भाजल्या की होतो तसा. पऱ्हाट्या मुळासकट उपटतात, मुळांबरोबर माती येते, आणि पिकांच्या काडीकचऱ्याच्या राखेत पोटॅशसारखे क्षार जास्त असतात. मातीतल्या वाळूबरोबर ते भट्टीच्या उष्णतेत वितळतात आणि थंड झाले की दगड होतात. चांगल्या लाकडाची राख शंभर किलोला किलोभरही नसते, काडीकचऱ्याची कितीतरी पट जास्त, आणि भाताच्या तुसाची तर पंधरा-वीस किलोपर्यंत जाते. म्हणजे लाकडाच्या पेलेटला आठवड्यातून एकदा साफसफाई चालेल, पण आपल्याकडच्या मालाला रोज. सायकलच्या चाकाच्या तारेने एकेक भोक उघडायला आम्हाला पाऊण तास लागला. त्यात वितळून चिकटलेले प्लास्टिकही निघाले, त्याचे मूळ पुढे सांगतो.

मग पोते पाहिले. ते ओसरीत भिंतीला टेकवून, फरशीवर. भिंत ओली, फरशी ओली. चांगली पेलेट दोन बोटांत धरून मोडली की कट्कन आवाज होतो आणि अंगाला चकाकी असते. आमच्या पोत्यातली मऊ, मातकट, मोडली की आवाज न करता भुगा. सरांनी तिथेच धडा घेतला. एक चांगली कांडी पाण्याच्या पेल्यात टाकली. काही मिनिटांत ती फुगून तिचा लगदा झाला. कांडीला धरून ठेवणारा गोंद वेगळा नसतो, दाबाच्या उष्णतेत लाकडातलाच चिकट अंश तिला बांधतो, आणि पाणी ती बांधणी सोडवते.

किती ओली आहे ते मोजायचे कसे? किराणा दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर शंभर ग्रॅम कांड्या तोलल्या, पत्र्यावर पसरून उघडीप मिळालेल्या एका दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात ठेवल्या आणि पुन्हा तोलल्या. शहाऐंशी ग्रॅम. म्हणजे शंभरात चौदा भाग तर नक्कीच पाणी होते, आणि उन्हाने सगळे पाणी काढलेही नसेल. चांगल्या मालात ते दहाच्या आत असावे लागते. पाणी असेपर्यंत गोळीचा तो भाग शंभर अंशांच्या वर तापतच नाही, सगळी आच पाण्याची वाफ करण्यात जाते. आणि वायू सुटायला तर अडीचशे अंश हवेत. आपा फुंकत होती ती पाणी उकळण्यासाठी.

सर्दावलेल्या पण न फुगलेल्या कांड्या ऊन दाखवून वापरता येतात. फुगून फुटलेल्या मात्र गेल्या त्या गेल्या. त्यांचा भुगा डब्यात गेला की तो गोळ्यांमधल्या फटी बुजवतो आणि खालची हवा पुन्हा अडते. म्हणून डब्यात टाकण्याआधी चाळणीतून काढणे बरे. आमच्याकडे गव्हाची जुनी चाळणी त्या कामाला लागली आहे. पोते आता लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, आणि रोजच्या लागणाऱ्या कांड्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

राहिली पेटवण्याची रीत. पूर्वी रेशनचे रॉकेल होते, चमचाभर पुरायचे. पुढे रॉकेल मिळेनासे झाले, म्हणून आपा दुधाच्या आणि तेलाच्या रिकाम्या पिशव्या पेटवून वर टाकायची. भोकांत वितळलेले प्लास्टिक सापडले ते हेच. त्याचा धूर खाणाऱ्या माणसांच्या आणि कबाबांच्या अंगावर जातो, हे वेगळे सांगायला नको. त्याऐवजी आम्ही कापसाच्या जाड वाती करून तळणीच्या उरलेल्या तेलात भिजवून ठेवल्या. कापूस घरचाच, तेल फेकायचेच. वरच्या थराच्या मूठभर कांड्यांवर तीन वाती, त्यांभोवती तुराटीच्या वाळक्या काड्या, आणि काडी लावायची.

आणि पंखा? तो लगेच लावायचा नाही. सगळ्यात जास्त चूक इथे होते. मेणबत्तीला फुंकर घातली तर विझते, निखाऱ्याला घातली तर फुलते. सुरुवातीला आपली शेगडी मेणबत्ती असते. दोन-तीन मिनिटे वरचा थर नीट धरू द्यायचा, कांड्यांच्या कडा लाल दिसल्या की रेग्युलेटर अगदी कमीवर, आणि ज्योत वरच्या भोकांना चिकटल्यासारखी दिसू लागली की हळूहळू वाढवायचा. धूर वाढला तर हवा कमी आहे, ज्योत तुटून उडायला लागली तर जास्त आहे. पुढच्या जुम्म्याला आम्ही घड्याळ लावून पाहिले: काडी लावल्यापासून चौथ्या मिनिटाला आपाने जाळी वर ठेवली.

एक गोष्ट आम्हाला ईदच्या गडबडीत सुचली नव्हती, नंतर सरांनी विचारल्यावर ध्यानात आली. पाऊस असला की आपा शेगडी ओसरीतून आतल्या खोलीत न्यायची आणि दार लावून घ्यायची. कित्येक महिने संध्याकाळी तिचे डोके दुखायचे, मळमळायचे. आम्ही सगळे म्हणायचो, पित्त आहे. धुमसणाऱ्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर निवला आणि नुसते निखारे उरले तरी तो निघतच असतो. बंद खोलीत तो माणसाला झोपेतच संपवतो. दरवर्षी थंडीत उत्तरेकडून शेगडी खोलीत ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात त्या याच वायूच्या. आता पावसासाठी अंगणाच्या कडेला पत्र्याचे छप्पर टाकले आहे, तिन्ही बाजूंनी उघडे. शेगडी आत येत नाही. आपाचे पित्तही, सुबहानल्लाह, बरेच कमी झाले.

वाचकांपैकी काहींना वाटेल की हे पेलेटचे नवे खूळ कुठून आले. ते तितके नवे नाही. २००६ साली बीपी या तेल कंपनीने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने 'ऊर्जा' नावाची पंखा लावलेली पेलेटची घरगुती शेगडी काढली. आपल्या मराठवाड्यातल्या गावांत ती पोहोचवण्यात लातूर-किल्लारीच्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या बायका होत्या. देशात सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्या. २००९ मध्ये बीपीने हा व्यवसाय सोडला, पुण्याची फर्स्ट एनर्जी ही कंपनी तो चालवू लागली. पण पेलेटचा भाव चढत गेला, घरातली गिऱ्हाइके गळाली आणि कंपनी हॉटेलांच्या आणि कॅन्टीनच्या भट्ट्यांकडे वळली. आमच्या मते त्यात शेगडीचा दोष नव्हता. जे इंधन आपल्या बांधावर फुकट पडलेले असते तेच कारखान्यातून पोत्यात भरून आले की बाजाराच्या भावाने मिळते, एवढेच. २०२१ नंतर तर औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर पेलेट जाळण्याचे सरकारी धोरण आले आहे, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून आपाची स्पर्धा थेट वीज केंद्रांशी.

हिशेब करणाऱ्यांसाठी: किलोभर चांगल्या पेलेटची उष्णता साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी, गॅसची किलोला ११,००० च्या वर. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरइतक्या उष्णतेला कागदावर ४०-४५ किलो पेलेट, आणि शेगडीत वाया जाणारी आच धरली तर आणखी. आपल्या गावच्या भावाने गुणून पाहावे आणि मगच शेगडी घ्यावी. आपाला परवडते, कारण कबाबाला जाळाची चव हवी असते आणि धंद्याचा सिलिंडर महाग पडतो. रोजच्या चहा-भाकरीसाठी आम्ही स्वतः घेणार नाही.

या सगळ्याची एक शेपटी अमेरिकेत निघाली. आमचा खालाजाद भाऊ तिकडे टेक्सासमध्ये असतो. ईदच्या मुबारकबादीच्या फोनवर आपाची हकीकत सांगितली, तर तो म्हणाला, "माझीही पेटत नाही." त्याच्याकडे पेलेटची ग्रिल आहे. तिकडे १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर घर गरम करायला पेलेटच्या शेगड्या आल्या, आणि ऑरेगॉन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी त्याच कल्पनेची भाजायची ग्रिल बनवून तिचे पेटंट मिळवले. बटण दाबले की पेटीतल्या कांड्या एका फिरत्या मळसूत्राने जळण्याच्या वाटीत येतात, वाटीत विजेवर लाल होणारा बोटाएवढा रॉड असतो, पंखा हवा देतो आणि पाचेक मिनिटांत जाळ धरतो. त्याच्या ग्रिलीत कांड्या येत होत्या, पंखा फिरत होता, जाळ नव्हता.

त्याने काय केले? पुन्हा बटण दाबले. मग पुन्हा. दर वेळी मळसूत्राने आणखी कांड्या ओतल्या आणि वाटी भरून सांडली. आमच्या वायरमनने व्हिडिओवर ते पाहिले आणि चुडाव्यातून ओरडला, "भाई, आता काही दाबू नका!" कारण तेच, आपाच्या ओसरीतले. एवढ्या ढिगाने एकदा धरले की आधी झाकणाखाली दाट धूर साठतो आणि मग तो एकदम पेटून झाकण उडवतो. आधी प्लग काढायचा, थंड होऊ द्यायचे, वाटी पूर्ण रिकामी करायची, राख काढायची. आणि पुन्हा सुरू करताना झाकण उघडे.

रॉड गेला की नाही हे मल्टिमीटरने कळते. तिकडची वीज १२० व्होल्टची, रॉड २०० वॅटचा. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट, १४,४०० भागिले २००, म्हणजे रॉड ठीक असेल तर ७२ ओहमच्या आसपास दाखवायला हवे. (हे गणित आम्हाला वायरमनने शिकवले, आम्ही त्याला कधीकाळी संधी-समास शिकवले होते, ते त्याला आठवत नाही.) प्लग काढून, रॉडच्या दोन तारा सोडून भावाने मोजले, तर मीटर काहीच दाखवेना. आतली तार तुटलेली. रॉडला ओल लागली असेल तर तो लाल होण्याआधीच घराचा सुरक्षा स्विच पडतो, ते लक्षण वेगळे; आणि रॉड लाल होऊनही जाळ नसेल तर दोष कांड्यांत किंवा राखेत, म्हणजे पुन्हा आपाच्या पोत्याशी.

नवा रॉड पोस्टाने यायला चार दिवस होते आणि पाहुणे त्याच संध्याकाळी येणार. मग त्याने आपाची पद्धत केली. वाटीत मूठभर कोरड्या कांड्या, त्यावर तेलात भिजवलेली कापसाची वात, काडी. नीट धरल्यावर ग्रिल सुरू केली. जळती असताना वरून काहीही ओतायचे नाही, हे आपाने स्वतः फोन हातात घेऊन त्याला दोनदा सांगितले. काम झाल्यावर एकदम प्लग काढू नकोस, बंद करायची तिची जी रीत असेल ती पूर्ण होऊ दे, असे वायरमनने बजावले. नाहीतर वाटीतला विस्तव मळसूत्रातून मागे पेटीकडे सरकतो.

पोराचा हात आता भरला आहे, पाठीवर फिकट डाग राहिला आहे. शेगडी साफ करायचे काम आपाने त्यालाच दिले आहे. रोज सकाळी शाळेआधी तो सायकलची तार घेऊन बसतो, खालची सगळी भोके मोजून उघडतो आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवतो. फुटलेल्या कांड्यांचा दोन पोती भुगा उरला होता, तो पावसाच्या उघडिपीत परसातल्या लिंबाच्या आळ्यात पसरला. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीला मात्र आपाने कुलपाचे झाकण बसवले आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली आहे.